स्पीकर करायला घेतेस ना?

हे बघ, आधीच सांगून टाकते. पैसे वाचतील म्हणून घरी स्पीकर करायला घेणार असशील, तर राहू दे. ड्रायव्हर, प्लाय, सुताराची मजुरी, तारा, स्क्रू असं धरत गेलीस की बाजारातल्या बऱ्यापैकी जोडीच्या किमतीला सहज जाऊन पोचतेस. पण आपल्या हातच्या खोक्यातून किशोरीताईंचा षड्ज ऐकायची हौस असेल, तर लाग कामाला. मी आहे पाठीशी.

वॉटच्या आकड्यांना भुलू नकोस. आपल्या लहानपणी टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’ लिहून पुढे हजारोंचा आकडा छापलेला असायचा, आठवतो? तो निव्वळ गिऱ्हाईक पटवायचा आकडा होता. बघायचा तो आरएमएस, आणि तोही आपल्या दिवाणखान्याला फारसा लागत नाही. वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो ३ डेसिबल, म्हणजे कानाला ‘थोडा वाढला वाटतं’ इतपतच. त्यापेक्षा ड्रायव्हरची सेन्सिटिव्हिटी विचार. एका वॉटला, एक मीटरवर, किती डेसिबल? ८६-८८ असेल तर घरगुती ऐकण्याला दहा-पंधरा वॉटचा लहानसा ॲम्प्लिफायर भरपूर झाला. खिडक्यांच्या काचा थरथरवायला मिरवणुकीतले डीजेवाले आहेत की, त्यात आपली भर कशाला?

आणि पहिल्याच जोडीला वूफर, ट्वीटर, मधे क्रॉसओव्हर असा सगळा संसार मांडू नकोस गं. तीन-चार इंची फुलरेंज ड्रायव्हर घे, एका खोक्याला एक. क्रॉसओव्हरची भानगडच नाही, डाग द्यायचे ते फक्त दोन तारांना, आणि अख्खा आवाज एकाच जागेवरून येतो, त्यामुळे गळा फार खरा वाटतो.

खालचा आवाज कमी मिळेल, हे कबूल. पण तू ऐकतेस काय, ते बघ ना. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा षड्ज २०८ हर्ट्झच्या आसपास असतो. एवढासा ड्रायव्हर तो आरामात पेलतो. काळी एकच्या तंबोऱ्याचा खरज मात्र ६९ हर्ट्झवर, आणि लहान बंद खोक्यात तो मूळ सूर बराच क्षीण होतो. तरी तुला खरज ऐकू येणारच! जवारी नीट लागलेली असली की त्या तारेतून वरचे स्वर इतके भरभरून येतात, की त्यांच्यावरून कान खालचा सूर आपला आपणच जुळवून घेतो. डग्ग्याची घुमार काही अशी फुकट मिळत नाही. तिला मोठा ड्रायव्हर आणि मोठं खोकं हवं. ते दुसऱ्या जोडीला बघू.

खोकं केवढं करायचं हे मनानं ठरवायचं नसतं. आज आपण वापरतो त्या धाटणीचा, तारेचं वेटोळं आणि कागदी शंकू असलेला स्पीकर राइस आणि केलॉग या दोघा अमेरिकनांनी १९२५ साली मांडला, पण त्याचं खोकं पुढे कितीतरी वर्षं बरंचसं चाचपडतच बनत होतं. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये त्याचं गणित बसवलं आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं. म्हणून ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस असे तीन आकडे असतात. एफएस म्हणजे ड्रायव्हर स्वतःहून ज्या कंपनाला डोलतो ते, क्यूटीएस म्हणजे ते डोलणं किती काबूत आहे, आणि व्हीएएस म्हणजे त्याच्या लवचिकपणाशी बरोबरी करणारी हवा, लिटरमध्ये. हे आकडे नसलेला ड्रायव्हर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नकोस. दुकानदार ‘एकदम बेस्ट बेस आहे, मॅडम’ म्हणेल. म्हणू दे.

समज, क्यूटीएस ०.५ आहे आणि व्हीएएस ८ लिटर. मग बंद खोकंही ८ लिटरचंच कर. गणित चोख बसतं आणि आवाज ना ढबढबीत, ना कोरडा. आतून १६ सेंटिमीटर रुंद, २० खोल, २५ उंच धरलंस की झाले बरोबर ८००० घन सेंटिमीटर. लक्षात ठेव, हे आतलं माप. सुताराला बाहेरचं सांगून बसशील तर १८ मिलिमीटरच्या प्लायनं तुझी निम्मी हवा खाल्लीच म्हणून समज. तिन्ही मापं मुद्दाम वेगवेगळी घेतली आहेत. सारखी घेतली तर एकच सूर आत तिन्ही दिशांनी घुमत राहतो. हे सगळं करून देणारं विनआयएसडी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, पण पहिला हिशेब वहीवर कर. मजा येते.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. तिथे एक गोष्ट तुला टोचेल म्हणून आधीच सांगते. काउंटरवर पहिला प्रश्न येईल, ‘कोणासाठी हवंय? त्यांनाच पाठवा ना.’ मला अजूनही विचारतात. वाद घालत बसू नकोस. शांतपणे म्हण, ‘क्यूटीएस किती आहे याचा?’ पुढचं बोलणं सरळ होतं. ड्रायव्हर हातात आला की शंकूच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बोट ठेवून तो अगदी हलके, सारख्या दाबानं आत ढकल आणि कान जवळ ने. खरखर आली तर आतलं वेटोळं घासतंय. तो नग परत दे, दुसरा माग. जोडीतले दोन्ही एकाच खोक्यातले, एकाच मॉडेलचे बघून घे. आणि सोन्याच्या भावानं विकल्या जाणाऱ्या तारांकडे ढुंकूनही बघू नकोस. साधी, जरा जाड तांब्याची तार पुरते.

लाकडाचं म्हणशील, तर परदेशी पुस्तकांत सगळीकडे एमडीएफ लिहिलेलं असतं. छान चिरता येतं, कडा गुळगुळीत निघतात, खरं आहे. पण आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातून कोकणात, ओल लागली की ते फुगतं. मी तरी आयएस ७१० चा शिक्का असलेलं वॉटरप्रूफ प्लाय घेते. प्लायच्या दुकानातच यंत्रावर तुकडे कापून घे, म्हणजे काटकोन चुकत नाहीत. ड्रायव्हरचं भोक सुताराकडून. जोडताना सांध्यांतून फेविकॉल थोडा बाहेर यायलाच हवा. बाहेरचा ओल्या फडक्यानं पूस, आतला बोटानं सांध्यावर फिरव. बंद खोक्यातून हवा कुठूनही गळता कामा नये. वाळलं की नारळ पारखतो तशी प्रत्येक बाजूवर टिचकी मार. मधोमध पोकळ ‘ढब’ आला तर आत एक आडवी पट्टी ठोक. मग उशीतलं रिक्रॉन पिंजून सैलसर भर, कोंबू नकोस.

झाकण्याआधी एक गंमत. पेन्सिल सेल घे. सेलचं अधिक टोक ड्रायव्हरच्या लाल खुणेच्या टोकाला आणि उणं दुसऱ्याला, क्षणभर टेकव. ‘टक्’ होऊन शंकू बाहेर उसळतो. दोन्ही ड्रायव्हर बाहेरच उसळले पाहिजेत. एक आत गेला तर खूण चुकीची आहे, जोडताना तारा उलट कर. एवढं बघितलं नाहीस, तर एक शंकू ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि होता-नव्हता तो बेसही गायब.

ही जोडणी तपासायची सुरेल रीतही आहे. लताबाईंचं पन्नासच्या दशकातलं कुठलंही गाणं लाव. मूळ ध्वनिमुद्रण मोनो असतं, त्यामुळे आवाज दोन खोक्यांच्या मधल्या मोकळ्या हवेतून, नेमका मध्यातून यायला हवा, जणू तिथे कुणी उभंच आहे. इकडेतिकडे पसरला तर तारा तपास. कानाच्या उंचीला ठेव, भिंतीला चिकटवू नकोस, तुझी खुर्ची आणि दोन खोकी यांचा समभुज त्रिकोण कर.

एवढं करूनही आवाज कर्कश वाटला, तर स्पीकरला दोष द्यायच्या आधी खोलीकडे बघ. गुळगुळीत फरशी, बोडक्या भिंती, काचेचं शोकेस! सतरंजी अंथर, पडदे जाड लाव, समोरच्या भिंतीवर आजीची गोधडी टांग. लोक कौतुकही करतील. आणि एकदा खालच्या सुराचं गाणं लावून घरभर फीर. कुठल्यातरी स्टीलच्या कपाटाचं दार नाहीतर ताटाळ्यातली वाटी हमखास साथ धरते. ती शोधून तिच्याखाली फडकं सार.

महिनाभर तरी ही जोडी ऐक, मगच पुढच्या ड्रायव्हरचे दर काढ. या छंदात बदलत राहण्याचं व्यसन फार लवकर लागतं आणि मग गाणं मागे पडून नुसतं ‘ट्वीटर कसा वाटतो’ सुरू होतं. अशी माणसं मला ठाऊक आहेत, त्यांच्याकडे अख्खा राग कधी ऐकायला मिळत नाही.

आणि हो, बेस स्लॅबमधून खाली उतरतो. दुपारी पहिली चाचणी घेण्याआधी खालच्या काकूंना त्यांची झोपायची वेळ विचारून ठेव.