आठवीची तयारी सहावीपासून



औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद भागांतील काही कुटुंबे ऊसतोडीला वा कामासाठी बाहेरगावी जातात. मुलांचे महिने बुडतात, अपूर्णांक कच्चे राहतात. मोफत शिक्षणाचा २००९ चा कायदा आठवीपर्यंतच हक्क देतो. पुढे दप्तर खुंटीला लागते.

याच वळणावर केंद्र सरकारची २००८ साली सुरू झालेली एनएमएमएस शिष्यवृत्ती उपयोगी पडते. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. सरकारी व अनुदानित शाळांतील, ३.५ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुले आठवीत परीक्षेला बसतात. बुद्धिमत्ता व शालेय विषय अशा दोन चाचण्या, प्रत्येकी ९० गुणांच्या. मात्र सातवीत ५५ टक्के गुण लागतात; अनुसूचित जाती-जमातींसाठी ५०. म्हणजे आठवीत जागे होऊन उपयोग नाही.

आपण एवढे करू :

१. सहावीच्या आरंभी प्रत्येक मुलाचे वाचन व गणित तपासू. कच्चे असेल तेथूनच शिकवू.
२. शाळा सुटल्यावर रोज तासभर वर्ग घेऊ. विश्वस्तांनी खोली व दिवा द्यावा.
३. बाहेरगावी जाताना पालकांनी शक्य तर मूल आजी-आजोबांजवळ ठेवावे.
४. शाळेच्या दाखल्यावरील व आधारवरील नाव आताच जुळवून घ्यावे.

शिष्यवृत्ती सर्वांनाच मिळणार नाही. पण ज्याचे अपूर्णांक पक्के झाले, ते मूल नववीच्या वर्गात बसायला घाबरणार नाही. आपली खरी कमाई तीच.