रोटाच्या दिवशी फोन चालू ठेवा

जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याचा भुईकोट किल्ला हरी सदाशिव दामोदर यांनी 1727 साली बांधला आणि 1859 मध्ये इंग्रजांनी तो मोडला, हे गावातलं शाळकरी पोरही सांगतं. त्याच पोराला पणजीचं माहेर विचारा. ते आईकडे बघतं, आई सासूकडे.

आमच्या घरी आजीचं बोलणं टिपायचं ठरलं तेव्हा सगळं थाटात झालं. पंच्याहत्तरीचा दिवस, नवं लुगडं, अंगणात खुर्ची, समोर फोन. कुणीतरी म्हणालं, "माय, नीट मराठीत बोल." जन्मभर अहिराणीत हसलेली, भांडलेली बाई एकदम परक्या घरी बसल्यासारखी बोलायला लागली. "देवाच्या कृपेनं सगळं चांगलं झालं," एवढंच हाती आलं. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली होती. तिथं मिळणारी सुकडी, घशाखाली न उतरणारी मिलोची भाकरी, मुकादमाशी झालेलं भांडण, हे सारं ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावर मांडे टाकताना सांगायची. त्या वेळी फोन चार्जिंगला असायचा. आता आजी नाही, आणि ती भाकरी कशी लागायची हे तिच्या तोंडून ऐकायची सोय नाही.

बोलणं आपल्या बोलीत, वेळेवर टिपायचं मोल खान्देशाला वेगळं सांगायला नको, कारण बहिणाबाई चौधरी इथल्याच. माहेर असोदा, सासर जळगाव. अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर ओठांवर येईल ते म्हणायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी त्यातलं जमेल तेवढं कागदावर उतरवलं. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई गेल्या. पुढच्याच वर्षी, आचार्य अत्र्यांनी मनावर घेतल्यामुळे, 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. उतरवून घेणाऱ्यांनी बोली तशीच ठेवली, हा त्यांचा मला सर्वांत मोठा उपकार वाटतो. जे त्या दोघांच्या कानांवर पडलं नाही, ते शेतातच राहिलं.

दुसरा दाखला झाशीचा. झाशीच्या नेवाळकर घराण्याशी पारोळ्याचं नातं जुनं. त्या झाशीचा वेढा आत राहून पाहिला वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी. घरचं कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून 1857 साली उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक बंडात सापडला. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी सगळं लिहून काढलं. लढाईइतकंच त्यांनी जेवणखाण, रस्ते, राणीचा दिनक्रम, मिळालेली दक्षिणा यांवर लिहिलं, म्हणून ते अजून वाचवतं. 1907 मध्ये 'माझा प्रवास' निघालं ते मात्र वैद्यांच्या फेरफारासह. मूळ मजकूर वाचकांना मिळाला 1966 मध्ये, दत्तो वामन पोतदारांमुळे. मूळ हस्तलिखित टिकलं म्हणून ते शक्य झालं. घरातल्या गोष्टी 'सुधारून' लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तेव्हा खुर्ची मांडू नका. श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे देवीच्या उत्सवाला, सगळी भाऊबंदकी एकत्र येते, आखाजीला लेकी माहेरी येतात. कामं चालू असतात, तोंडं चालू असतात. सांगून-सवरून फोन जवळ ठेवा, पंखा आणि मिक्सर तेवढा बंद करा. "तुमच्या काळाबद्दल सांगा" असं विचारलं की उत्तर येत नाही. "तुमच्या बैलांची नावं काय होती?", "घरात वीज आली त्या रात्री काय केलं?", "दुष्काळात कुठल्या कामावर होतात?" असं विचारा. चुकीचं साल सांगितलं तर मध्ये टोकू नका, नंतर वहीत नोंदवा.

नावनिशीचा कंटाळा करू नका. गी पॉइटेव्हॅं आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमल्या. त्यांत गाणारीचं नाव, गाव जपलं गेलं, म्हणून आज ती ओवी कुण्या एका बाईची म्हणून ओळखता येते. घरीही सुरुवातीला तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव मोठ्यानं म्हणा. व्हॉट्सअॅपवर धाडलेला व्हिडिओ दाबला जाऊन पुसट होतो. मूळ फाईल दोन वेगळ्या घरांत, वेगळ्या डिस्कवर ठेवा. जुन्या कॅसेटी माळ्यावर असतील तर आधी त्या उतरवून घ्या, त्यांना बुरशी लागते. फोटोंच्या मागे पेन्सिलीनं नावं लिहा.

आणि कुणी दगावलेल्या लेकराबद्दल, वाटणीच्या भांडणाबद्दल बोलू लागलं, तर शेवटी विचारा: हे ठेवू का, की फक्त आपल्यात? नाही म्हणाले तर त्यांच्यासमोरच पुसून टाका.