पाळी गेल्यानंतरचे कोलेस्टेरॉल : सोयाबीन की हार्मोनच्या गोळ्या?



महिला मेळाव्यात आरोग्यावर बोलले की पन्नाशी ओलांडलेल्या भगिनी मला हमखास विचारतात, "सिस्टर, पाळी गेली आणि कोलेस्टेरॉल वाढलं. हार्मोनच्या गोळ्या घेऊ का? की सोयाबीन खाऊ?" या अंकात त्याचे उत्तर देते.

कोलेस्टेरॉल का वाढते?
पाळी चालू असते तोवर अंडाशयातून इस्ट्रोजेन हे हार्मोन रक्तात येते. रक्तातील एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उचलून घ्यायला ते यकृताला मदत करते. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटते, हे काम मंदावते आणि एलडीएल वाढते. म्हणून खाणेपिणे तेच असूनही आकडा वाढलेला दिसू शकतो.

हार्मोनच्या गोळ्या
बाहेरून इस्ट्रोजेन दिले तर आकडा सुधारतो, हे खरे. अमेरिकेत हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रियांचा 'हर्स' हा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन घेणाऱ्यांचे एलडीएल दुसऱ्या गटापेक्षा ११ टक्के कमी आणि चांगले एचडीएल १० टक्के जास्त राहिले. तरी चार वर्षांत हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. पहिल्या वर्षी तर ते जास्तच आले, आणि रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या.

पुढे १६,६०८ स्त्रियांवरील मोठा अभ्यास २००२ साली मध्येच थांबवावा लागला. त्यात स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि हृदयविकार गोळ्या घेणाऱ्यांमध्ये जास्त आढळले. म्हणजे कागदावरचा आकडा उतरला, पण हृदय वाचले नाही. अंगातून वाफा येणे, रात्री दरदरून घाम येणे असा फार त्रास असेल, तर डॉक्टर तपासून काही काळ ही औषधे देऊ शकतात. केवळ कोलेस्टेरॉलसाठी ती घेऊ नयेत.

सोयाबीन
सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखे पण फार सौम्य घटक असतात. त्यांना आयसोफ्लेव्होन म्हणतात. १९९५ साली ३८ प्रयोग एकत्र तपासले गेले. रोज सरासरी ४७ ग्रॅम सोया प्रथिने घेतल्यावर एलडीएल सुमारे १३ टक्के उतरल्याचे दिसले आणि सोयाबीनचा गाजावाजा झाला. पण २००६ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने २२ प्रयोग पाहिले, तेव्हा घट सुमारे ३ टक्केच निघाली. म्हणजे एलडीएल १६० असेल तर ते १५५ होईल. नुसत्या आयसोफ्लेव्होनचा कोलेस्टेरॉलवर परिणाम दिसला नाही. त्यामुळे महागड्या कॅप्सूलवर पैसे घालवू नका.

मग सोयाबीन खावे का? जरूर खावे, पण औषध म्हणून नव्हे, अन्न म्हणून. त्यात प्रथिने भरपूर असतात. चरबीचे मटण किंवा तळलेले पदार्थ यांच्या जागी सोयाबीन आले, तर खरा फायदा होतो.

घरी एवढे करा :
१. सोयाबीन कच्चे खाऊ नका. भिजवून शिजवा किंवा भाजून घ्या.
२. गव्हाच्या दळणात नऊ भागांना एक भाग भाजलेले सोयाबीन घाला.
३. सोया वड्यांची भाजी कमी तेलात करा. सुमारे ५० ग्रॅम कोरड्या वड्यांतून २५ ग्रॅम प्रथिने मिळतात.
४. थायरॉईडची गोळी घेत असाल तर ती आणि सोयाबीन एकाच वेळी घेऊ नका. किती अंतर ठेवायचे, ते डॉक्टरांना विचारा.
५. रोज चाला, तंबाखू व मिसरी सोडा, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या.
६. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली असेल तर सोयाबीन सुरू केले म्हणून ती बंद करू नका.
७. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला तर लाजू नका, लगेच तपासणी करून घ्या.

आपल्या घरातील आई, सासूबाई, मावशी यांना हा लेख वाचून दाखवा. या वयात आपले दुखणे त्या सहसा स्वतःहून बोलत नाहीत. आपणच विचारायला हवे.