चरकाच्या पट्ट्याचा आवाज

तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातील साखर घटते. म्हणून कराड-वाळवे भागातील गुऱ्हाळावर एंजिनाचा व्ही-पट्टा किंचाळू लागताच त्यावर राळ टाकण्याचा मोह होतो. आवाज थांबतो, दोष राहतो. चरकात ऊस घालताच पट्टा किंचाळल्यास तो ढिला आहे, अथवा त्यास रस वा तेल लागले आहे, असे समजावे. एकसारखी चिवचिव होत असल्यास पुल्या बहुधा एका रेषेत नसतात. ताणलेली दोरी दोन्ही पुल्यांच्या कडांना चार ठिकाणी टेकली पाहिजे. एंजिन पूर्ण थांबल्यावरच पट्ट्यास हात लावावा. मध्यावर अंगठ्याने दाबल्यास दोन पुल्यांमधील मीटरभर अंतरास तो सुमारे दीड सेंटिमीटर दबावा. अधिक ताणल्यास बेअरिंग तापून झिजते. चकाकलेला वा चिरलेला पट्टा बदलावा. पट्टे अनेक असल्यास सर्व एकदम बदलावेत.