ओव्याहून कोकणात, लहान मुलांसकट

परदेशात जन्मलेल्या मुलांना घेऊन पहिल्यांदाच ओव्याला घरी यायचं आणि तिथून गाडीने कोकणात उतरायचं, असा बेत असेल तर हे तुमच्यासाठी. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये स्थिरावलेल्या आणि सुट्टीत मुलांसह याच रस्त्याने जाणाऱ्या घरांचे सल्ले इथे एकत्र केले आहेत.

कार सीट सोबत आणा, यावर सगळ्यांचं एकमत आहे. भाड्याच्या गाडीत ती मिळेल असं गृहीत धरू नका. बऱ्याच विमान कंपन्या तिचे वेगळे पैसे घेत नाहीत; तिकीट काढतानाच विचारा. अमेरिकेहून येणाऱ्यांनी आणखी एक बघावं. तिथल्या गाड्यांचा मागचा पट्टा पूर्ण ओढला की अडकून घट्ट राहतो. इथल्या बहुतेक गाड्यांचा पट्टा झटका बसला तरच अडतो. म्हणून सीटला स्वतःचा चाप नसेल तर लॉकिंग क्लिप घेऊन या. चालकाला आदल्या दिवशीच फोन करून मागचे पट्टे वर काढून ठेवायला सांगा. पट्ट्यांची बकलं सीट कव्हरखाली दाबलेली असतात आणि ऐन निघायच्या वेळी, अंधारात, ती चाचपडत बसावं लागतं.

खरी अडचण घरात येते. आजी म्हणते, "अगं, मी घेते ना मांडीवर!" तिची माया समजून घ्या, पण इथे नमतं घेऊ नका. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळली तर दहा किलोचं बाळ कुणाच्याही हातांत राहत नाही. २०१९च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा कार सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे, हेही सांगा. आजीला बाळाच्या शेजारची जागा द्या, खाऊचा डबा तिच्याकडे सोपवा. बाळ रडायला लागलं तर गाडी थांबवा, पण चालत्या गाडीत त्याला सीटमधून काढू नका.

अमेरिकेहून आलेली मुलं पहिले काही दिवस पहाटे तीनलाच टक्क जागी असतात. त्याचा फायदा घ्या, उजाडायच्या आत निघा. मात्र स्वतःची झोप उलटसुलट झाली असताना स्टिअरिंग धरू नका. माहितीतला चालक घ्या. पळस्प्याला गोवा महामार्ग लागला की कर्नाळा जवळच आहे, पण तिथे थांबायचा मोह आवरा. माणगावची गर्दी सकाळीच मागे टाकलेली बरी. पुढे घाट लागण्याआधी मुलांना दूध पाजू नका. कोरडी पोळी, चुरमुरे चालतील. मोठ्या मुलांना लांबचे डोंगर दाखवत राहा, मोबाइल देऊ नका. वळणांवर स्क्रीन बघितली की हमखास उलटी होते.

ओआरएसची पुडी औषधाच्या दुकानातूनच घ्या आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात अख्खी विरघळवा. चमचाभर पावडर पेल्यात टाकली तर प्रमाण बिघडतं. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ हे क्रमांक आजीच्या फोनमध्येही घालून ठेवा.

गणपतीच्या आधीचे दिवस टाळा. आणि परतीच्या विमानाआधी ओव्याला दोन रात्री मोकळ्या ठेवा. जोडून सुट्टी आली की या रस्त्यावर वेळेचा भरवसा राहत नाही.