विमानतळावरचा बर्गर आणि मागणीची लवचिकता

किंमत वाढली की मागणी घटते, हा नियम वाणिज्य शाखेत आपण पहिल्याच वर्षी शिकतो. ती किती घटते हे मागणीच्या लवचिकतेवरून कळते. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात ही कल्पना पद्धतशीरपणे मांडली. पाठ्यपुस्तकात तिच्यासाठी मिठाचे उदाहरण असते. मी येथे विमानतळावरचा बर्गर घेतो.

बर्गर हा मुळातच घाईचा पदार्थ. अमेरिकेतील सॅन बर्नार्डिनो येथे मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये आपल्या उपाहारगृहाची रीत बदलली. पदार्थ मोजके ठेवले, स्वयंपाकघरात श्रमविभागणी केली आणि हॅम्बर्गर १५ सेंटला विकला. म्हणजे त्वरेमुळे तो स्वस्त झाला. मग विमानतळावर तोच त्वरेचा पदार्थ महाग का?

गेल्या वर्षी वडिलांच्या औषधोपचारानंतर आम्ही बेंगळुरूहून बेळगावला विमानाने परतत होतो. वडील यंत्रमागावर काम करतात. दरफलक वाचून ते म्हणाले, "एवढ्यात घरी चौघांचं जेवण होतंय की रे!" तरीही भूक होती, म्हणून एक बर्गर घेऊन आम्ही दोघांनी खाल्ला. असे का घडते?

पहिले कारण, पर्यायांचा अभाव. सुरक्षा तपासणी झाली की बाहेरच्या टपरीवर जाता येत नाही. दुसरे कारण, वेळ. विमान सुटण्याच्या बऱ्याच आधी दार बंद होते, त्यामुळे चार दुकाने फिरून भाव पाहणे परवडत नाही. कन्नडमध्ये 'अवसर' म्हणजे घाई, मराठीत 'अवसर' म्हणजे संधी. विमानतळावर प्रवाशाचा कन्नड अवसर हाच दुकानदाराचा मराठी अवसर होतो! अशा वेळी मागणी अलवचिक बनते.

"जागेचे भाडे जास्त म्हणून दर जास्त," असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. येथे रिकार्डो यांचा १८१७ मधील खंडसिद्धान्त आठवावा. त्यांच्या मते, खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही. धान्य महाग असते म्हणून खंड मिळतो. विमानतळावरही गिऱ्हाईक अडलेले असते, म्हणूनच ती जागा मोलाची ठरते. मात्र भाडे विक्रीच्या टक्केवारीने घेतल्यास ते करासारखे काम करते आणि त्याचा काही भार किमतीवरही पडतो.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणानुसार, दुकानांसारख्या विमानेतर उत्पन्नातील ३० टक्के रक्कम विमानतळाचे आकार कमी ठेवण्यासाठी धरली जाते. म्हणजे उपाशी प्रवासी घरून जेवून आलेल्या प्रवाशाच्या खर्चाचा थोडा वाटा उचलतो. हे न्याय्य आहे का, याचा विचार वाचकांनीच करावा.

उपाय एकच दिसतो, तो म्हणजे पर्याय वाढवणे. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू झाला, तेव्हा तेथे चहा १० रुपयांना आणि समोसा २० रुपयांना ठेवला होता. दुसरा पर्याय आपल्या हातातला आहे. देशांतर्गत प्रवासात कोरडे खाणे तपासणीतून नेता येते. पिशवीतली भाकरी-चटणी ही केवळ काटकसर नव्हे. ती आपली मागणी लवचिक करते, आणि ज्याची मागणी लवचिक असते त्याला कोणी अडवू शकत नाही.