धड्याच्या शेवटची पाच मिनिटे

मूल मकतबमधून घरी परतले की आपण विचारतो, ‘कितवा पारा चालू आहे?’ प्रश्न योग्य आहे, परंतु अपुरा आहे. त्याने पाने मोजली जातात, समज मोजली जात नाही.

मोहोळसारख्या गावातील मुलाची अडचण ध्यानात घ्या. घरी दखनी, शाळेत मराठी आणि मकतबमध्ये अरबी. मराठीत ‘क’ एकच. अरबीत ‘क़ाफ’ आणि ‘काफ’ असे दोन. ‘क़ुल’ म्हणजे ‘सांगा’, तर ‘कुल’ म्हणजे ‘खा’. सूरह इख़्लासचा पहिलाच शब्द असा बदलला तर अर्थाचे काय होईल? मराठी जीभ सीन, साद आणि से या तिन्हींचा ‘स’च करते. पारे मोजून ही चूक उमगत नाही. ती मुलाला स्वतःला जाणवावी लागते.

आत्मपरीक्षणाला आपण ‘मुहासबा’ म्हणतो. प्रत्येकाने उद्यासाठी काय पुढे पाठविले आहे ते पाहावे, असा आदेश सूरह हश्रच्या १८ व्या आयतीत आहे. सहाबा (रजि.) दहा आयती शिकत आणि त्यांतील ज्ञान व आचरण आत्मसात केल्याशिवाय पुढे जात नसत, असेही रिवायतीत आले आहे.

हीच रीत धड्याला लावावी. शेवटची पाच मिनिटे राखून मुलाने वहीत तारीख घालून तीन गोष्टी लिहाव्यात: आज कोणता शब्द समजला, कोठे अडखळलो, उद्या उस्तादांना काय विचारीन. लिहिता न येणाऱ्याने तोंडी सांगावे, आईने टिपून घ्यावे. आठवड्यातून एकदा उस्तादांनी वही पाहावी. तीच अडचण पुन्हा पुन्हा दिसली, तर नवा सबक थांबवून जुना पक्का करावा. महिनाअखेरीस पहिले पान उघडले की आपण किती पुढे आलो, हे मुलालाच दिसेल.

मात्र दोन पथ्ये पाळावीत. कबूल केलेल्या चुकीबद्दल मुलाला रागावू नये. अन्यथा पुढच्या वेळी ते चूक लपवील. आणि केवळ वहीवर विसंबू नये. ‘समजले’ असे लिहिलेला शब्द मुलाकडून म्हणवून घ्यावा, त्याचा अर्थ विचारावा.

दिवसभराच्या पाच फर्ज नमाजांच्या १७ रकअतींत सूरह फातिहा येते. आपल्या मुलाला तिच्या सात आयतींपैकी कितींचा अर्थ ठाऊक आहे? आज रात्री त्याला विचारा. पण त्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा. वहीचे पहिले पान कदाचित आपलेच असेल.

अल्लाह आपणा सर्वांना कुरआन समजून वाचण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.